धुक्याची उंची

पहिल्या संध्याकाळी मी गोल्डन गेट पुलाचे ११२ फोटो काढले. त्यातल्या एकातही पूल नव्हता.

जुलै महिना होता. नवऱ्याच्या कामामुळे आम्हाला दीड वर्ष सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहायचं होतं, पुलापासून गाडीनं तासाभरावर. त्या दिवशी घराजवळ ऊन नुसतं मी म्हणत होतं. सुती कुर्त्यावरच निघाले, ट्रायपॉड गाडीत टाकला आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी आम्ही पुलाच्या उत्तर टोकाला, बॅटरी स्पेन्सरवर पोचलो. एकेकाळी इथं बंदराच्या रक्षणासाठी तोफा होत्या. आता काँक्रीटचे रिकामे ओटे उरलेत आणि त्यांच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी. गाडीचं दार उघडलं, तर वाऱ्यानं ते हातातून ओढूनच घेतलं. समोर सगळं पांढरं. नकाशा सांगत होता की उत्तरेकडचा टॉवर हाकेच्या अंतरावर आहे.

ऐकू मात्र येत होता. या पुलावर धुक्यासाठी भोंगे आहेत, १९३७ साली पूल उघडला तेव्हापासून. दक्षिण टॉवरच्या पायथ्याचा भोंगा खर्जात बोलतो, मध्यावरचे भोंगे त्याहून चढ्या स्वरात. खालून जाणाऱ्या जहाजाला त्या दोन स्वरांवरून आपण कुठं आहोत ते कळतं. मी तासभर कुडकुडत ती जुगलबंदी ऐकली आणि मधेच धुकं जरा विरळ झाल्यासारखं वाटलं की बटण दाबत राहिले.

"अगं, पांढऱ्या भिंतीचे फोटो घरीही काढता आले असते," नवरा म्हणाला. पुलावरचा टोल फक्त शहराकडे येतानाच लागतो, म्हणजे आमच्यासाठी परतीच्या वाटेवर. पूल न बघताच त्याचे पैसे भरून आम्ही घरी आलो.

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी तीनदा गेले आणि तीनदा हात हलवत परतले. शेवटी चिडून वाचायला बसले.

हे धुकं कुठून येतं ते कळल्यावर चीड कमी झाली नाही, पण तिला दिशा मिळाली. या किनाऱ्यालगत उत्तरेकडून गार पाण्याचा कॅलिफोर्निया प्रवाह वाहतो. शिवाय वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं आणखी थंड पाणी वर येतं. त्यावरून वाहणारी दमट हवा गारठते आणि तिचं धुकं होतं. तिकडे डोंगरांपलीकडची सेंट्रल व्हॅली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, तिथली हवा वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेला समुद्रसपाटीवर फट अशी एकच, ती म्हणजे गोल्डन गेट. हे नाव मुळात त्या सामुद्रधुनीचं, १८४६ साली दिलेलं. पुलाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. पूल नेमका त्या फटीच्या तोंडावर उभा आहे. म्हणजे ज्या ऋतूत पर्यटक स्वच्छ आकाशाच्या आशेनं येतात, नेमक्या त्याच ऋतूत धुकं इथून आत शिरत असतं.

पाचव्या फेरीला मी हॉक हिलवर गेले. बॅटरी स्पेन्सरवरून तोच कॉन्झेलमन रस्ता पुढे चढत जातो, त्याच्या माथ्यावर ही टेकडी. शरद ऋतूत इथून शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात, ते मोजायला लोक बसतात, म्हणून हे नाव. त्या संध्याकाळी तिथं एक वयस्कर गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधून काहीतरी पीत होते. ट्रायपॉड मिटलेला, कॅमेरा पिशवीत. मी माझी जुळवाजुळव करताना त्यांनी विचारलं, "आज माथा किती आहे?"

मला वाटलं टेकडीचा. ते हसले आणि काठीनं मातीत तीन रेघा ओढल्या. त्यांनी आकडे फुटांत सांगितले, मी मनातल्या मनात मीटर केले. सगळ्यात खालची रेघ ६७: पाण्यापासून पुलाच्या पोटापर्यंतची उंची. मधली २२७: टॉवरची टोकं. वरची साधारण २८०: आपण उभे आहोत ती टेकडी. "आता धुक्याचा माथा यातल्या कुठल्या दोन रेघांमध्ये आहे ते मला सांगा," ते म्हणाले, "म्हणजे आज कॅमेरा बाहेर काढायचा की नाही ते मी तुम्हाला सांगतो."

माथा ६७ च्या खाली असेल तर अख्खा पूल ढगावर तरंगताना दिसतो. ६७ आणि २२७ च्या मध्ये असेल तर फक्त टॉवर बाहेर डोकावतात. २२७ आणि २८० च्या मध्ये म्हणजे टेकडीवर ऊन, खाली कापूस पिंजून टाकलेला आणि पूल गायब. आणि २८० च्या वर? "तेव्हा खाली जा. कधीकधी ढग पाण्याला टेकलेला नसतो, पुलावर छतासारखा असतो. तेव्हा खालून जे दिसतं ते इथून कधीच दिसणार नाही." त्या दिवशी माथा टेकडीच्याही वर होता. अर्ध्या तासात आम्ही दोघंही धुक्यात बुडालो. त्यांनी खुर्ची मिटली, मान डोलावली आणि गेले. त्यांची पिशवी शेवटपर्यंत उघडली नाही. मी पुलाकडे इतके आठवडे बघत होते आणि हा साधा हिशेब मला सुचला नव्हता, याची लाज वाटली.

त्यानंतर मी पुलाचा नाद सोडून माथ्याचा पाठलाग सुरू केला. समुद्रावरच्या गार हवेवर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं, आणि झाकण जितकं उंच तितकं धुकं उंच. ही उंची मोजली जाते. ओकलंडच्या विमानतळावरून हवामान खातं दिवसातून दोनदा फुगा सोडतं. त्याच्या आलेखात वर जाताना तापमान उतरत जातं आणि एका उंचीवर रेघ एकदम उजवीकडे वळते, तिथं झाकण. पहिल्यांदा तो आलेख मला ईसीजीसारखा वाटला, पण आठवडाभरात वाचता यायला लागला. उन्हाळ्यात झाकण बहुतेक दिवस ३०० ते ६०० मीटरवर असतं, म्हणजे माझ्या कामाचं नाही. पण उष्णतेची लाट येऊ लागली की वरची हवा दाबत खाली येते आणि झाकणही उतरतं. फार उतरलं तर धुकंच नाहीसं होतं. मला त्या दोन्हींच्या मधला दिवस हवा होता. बातम्यांत उकाड्याचा इशारा आला की लोक पंखे शोधायचे, मी बॅटऱ्या चार्ज करायचे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तो दिवस सापडला. पहाटे साडेतीनला उठलो. नवरा अर्ध्या झोपेत गाडी चालवत होता आणि मी मोबाईलवर उपग्रहाचं चित्र पुन्हापुन्हा उघडत होते. कॉन्झेलमन रस्त्याच्या तिसऱ्या वळणावर गाडी धुक्यातून वर आली आणि चांदणं दिसलं. हॉक हिलवर खाली पाहिलं, तर दोन टॉवर, त्यांच्यामधून खाली उतरत धुक्यात शिरणारी केबल, आणि पलीकडे शहरातल्या दोन-चार इमारतींची डोकी. रस्ता धुक्याच्या आत होता, पण त्याचे दिवे आतून पेटल्यासारखे. पुलावरच्या दिव्यांचा उजेड पिवळसर आहे, त्यामुळे निळ्या अंधारात धुक्याच्या पोटात जाईच्या वेलीसारखी नाही, तर निखाऱ्यांसारखी एक माळ धगधगत होती.

या पहाटेत मी ज्या चुका केल्या त्या इतक्या तपशिलात आठवतात, कारण त्या दुरुस्त करायला पुढचे पाच महिने गेले.

पहिली चूक शटरची. धुकं हलताना दिसत होतं, म्हणून हौसेनं ३० सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं. पडद्यावर धुक्याची खीर झाली होती, गुळगुळीत आणि मेलेली. समोर तर लाटा होत्या, टॉवरवर आपटून फुटत होत्या. पुढे कळलं की २ ते ४ सेकंद पुरतात, लाटेला वळण राहतं आणि तरी तिची घाई दिसते. त्यासाठी पहाटे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावी लागली तर वाढवावी, फोटोत थोडी रवाळी चालते. सगळे धुकं रेशमी करतात ते मला अजूनही पटत नाही.

दुसरी वाऱ्याची. ट्रायपॉड हलू नये म्हणून मी पुस्तकी सल्ल्याप्रमाणे मधल्या आकड्याला पिशवी लटकवली. त्या टेकडीवर वारा पिशवीला झोके देत होता आणि पिशवी ट्रायपॉडला. ३५ फोटोंत टॉवर दुहेरी. आता मधला दांडा पूर्ण खाली घेते, पाय अर्धेच उघडते, पिशवी जमिनीवर टेकेल इतपतच टांगते आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः उभी राहते. नवरा दोनदा उभा राहिला, त्याच्या रुंदीचा उपयोग जास्त होतो.

तिसरी चूक घरी आल्यावर कळली आणि तीच सगळ्यात लागली. सूर्य डावीकडून आला, टॉवरच्या टोकांना पहिला उजेड लागला आणि ती टोकं अक्षरशः पेटली. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, व्यवस्थित होता, कुठंही पांढरं जळलेलं नव्हतं. संगणकावर पाहिलं, तर टॉवरची टोकं म्हणजे कागद कापून चिकटवलेले लाल तुकडे. रिव्हेट नाहीत, पत्र्यांचे सांधे नाहीत. साधा हिस्टोग्राम सगळ्या रंगांची सरासरी सांगतो. केशरी पुलावर केशरी ऊन पडलं की एकटी लाल वाहिनी ओसंडते आणि निळा, हिरवा तिला झाकून घेतात. तेव्हापासून तिन्ही रंगांचे वेगळे आलेख लावून ठेवते आणि पहिल्या उन्हाच्या वेळी उजेड दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). गंमत अशी की धुक्यात उलटं करावं लागतं. कॅमेरा पांढऱ्याला राखाडी समजतो, म्हणून एक स्टॉप वाढवायचा. एकाच पहाटे दोन्ही हिशेब सांभाळायचे, तेही बोटं बधिर झालेली असताना.

त्या केशरीची गोष्ट मला फार आवडते. रंगाचं नाव इंटरनॅशनल ऑरेंज. पुलाचं लोखंड कारखान्यातून गंज रोखणाऱ्या लालसर थराचं अस्तर लावून आलं होतं. वास्तुविशारद अर्विंग मॉरो यांना उभारणी चालू असताना तो रंग टेकड्यांवर आणि पाण्यावर उठून दिसला, आणि त्यांनी त्याच्याच जवळचा रंग लावून धरला. नौदलाला जहाजांना दिसावा म्हणून काळे-पिवळे पट्टे हवे होते. पट्टे असते तर मी इथं आलेच नसते. याच मॉरोंच्या मनात टॉवरवर उजेड वरवर कमी होत जावा असं होतं, म्हणजे रात्री ते अंधारात विरून आणखी उंच वाटतील. टॉवरवरचे दिवे प्रत्यक्षात १९८७ साली लागले, पन्नाशीच्या निमित्तानं. रात्रीचा फोटो घरी सुधारताना टॉवरची टोकं उजळायचा मोह होतो, तेव्हा मी हात आवरते.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले खरे उन्हाळ्याचे महिने. आकाश निरभ्र, पूल टोकापासून टोकापर्यंत दिसायचा. मी सात-आठ वेळा गेले आणि एकही फोटो ठेवला नाही. भर उन्हात तो रंग विटकरी होतो, निळं आकाश त्यातलं तेज खाऊन टाकतं. १२८० मीटरचा मधला गाळा, जो १९६४ पर्यंत जगात सगळ्यात लांब होता, तोही निरभ्र हवेत खेळण्यासारखा वाटतो, कारण त्याचं माप सांगायला मध्ये काही येत नाही.

त्या गृहस्थांचं "खाली जा" आठवून ढगाळ सकाळी फोर्ट पॉइंटला गेले. दक्षिण टोकाच्या खाली विटांचा जुना किल्ला आहे, १८६१ साली बांधून झालेला. पूल बांधताना तो पाडायची वेळ आली होती, पण मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी त्याच्यावरून एक वेगळी कमान नेली. ढग छतासारखा टॉवरच्या निम्म्यावर टेकला होता. खालून पाहिलं, तर लोखंडाचे प्रचंड पाय वर जाता जाता पांढऱ्यात नाहीसे झालेले, आणि त्या सावलीतल्या उजेडात रंग असा, की ओल्या कुंकवाची आठवण यावी. वारा पश्चिमेकडून जोरात आला तसा पूल गुणगुणायलाही लागला. २०२० मध्ये पश्चिमेच्या कठड्याच्या पट्ट्या बदलल्या तेव्हापासून हा सूर ऐकू येतो, काही लोकांना त्याचा वैताग आहे. मला चालला. लाटा मात्र रस्त्यावर येतात आणि खारं पाणी लेन्सवर वाळलं की कोरड्या फडक्यानं पुसू नये, ओरखडे पडतात. आधी साध्या पाण्यानं भिजवलेलं फडकं, मग कोरडं. हे मी एका फिल्टरचा बळी देऊन शिकले.

डिसेंबरात वादळी पाऊस थांबल्यावर मार्शल्स बीचवर उतरले. लांबलचक जिना, खाली हिरवट सर्पेंटाइन खडक, आणि उत्तरेला पूल. ओहोटीची वेळ बघूनच गेले होते, तरीही समुद्राकडे पाठ करून लेन्स बदलली आणि एक लाट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली, पिशवीसकट. ढगांच्या खालून सूर्य चार मिनिटं निघाला. शाईसारख्या आकाशापुढे पूल एखाद्या तापलेल्या तारेसारखा दिसला. पहिली दोन मिनिटं मी पिशवीतून पाणी काढत होते. उरलेल्या दोन मिनिटांतला एक फोटो चांगला आहे, डाव्या कोपऱ्यातला थेंब सोडून.

आणि मग जानेवारी. थंडीत धुकं समुद्रावरून येत नाही, उलट बाजूनं येतं. पाऊस पडून गेल्यावर निरभ्र, निवांत रात्री सेंट्रल व्हॅलीची ओली जमीन गारठते आणि तिथं धुकं साचतं. त्याला तिथल्या लव्हाळ्यावरून टूली धुकं म्हणतात. ते जड आणि बुटकं असतं आणि पूर्वेकडच्या नदीमुखातून खाडीत हळूहळू वाहत येतं. खालच्या रेघेखालचं धुकं मिळायची माझी सगळी आशा त्याच्यावर होती.

सलग चार रात्री आकाश मोकळं होतं. पाचव्या पहाटे हॉक हिलवर वारा अजिबात नव्हता, हे तिथं पहिल्यांदाच. उजाडायला लागलं तसं दिसलं की पाणी नाहीच, त्या जागी सपाट, दुधावरच्या सायीसारखा थर, जेमतेम चाळीस-पन्नास मीटर जाड. त्यावर अख्खा पूल, रस्त्यासकट, पायांशिवाय. गाड्यांचे दिवे दिसत होते. दोन्ही भोंगे चालू होते. मी १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर चौकट बांधली आणि काही केलं नाही. दहा मिनिटं नुसती पाहत राहिले, ऑगस्टमध्ये मला हे जमलं नसतं.

साडेसातच्या सुमाराला सूर्य शहराच्या मागून, पुलाच्या जरासा उजवीकडे आला. मी टॉवरवर उजेडाची वाट पाहत होते, पण सूर्य समोर असल्यानं टॉवर काळे झाले. त्याऐवजी त्यांच्या सावल्या सायीवर पडल्या आणि आमच्या दिशेनं लांबत आल्या, केबलच्या सावलीचा बाक सुद्धा. हे मी कुठल्याच तयारीत धरलेलं नव्हतं. चौकट खाली झुकवली, पुलाला वरच्या तिसऱ्या भागात ढकललं आणि सावल्यांना जागा दिली. तेवढ्यात एक कंटेनर जहाज बाहेर निघालं. जहाज दिसत नव्हतं, वरच्या रांगेतले कंटेनर आणि चिमणी तेवढी सायीवरून सरकत होती आणि मागे नांगरटीसारखी रेघ पडत होती. ते सावलीवर आलं तेव्हा सात फोटो काढले. सहाव्यात ते दोन सावल्यांच्या बरोबर मध्ये आहे.

"चहा?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्याही हातात मोबाईल होता आणि तोही फोटो काढत होता, हे मी तेव्हा पाहिलं.

दहा वाजेपर्यंत सगळं विरून गेलं. परतताना बॅटरी स्पेन्सरवर थांबलो, तर निळं आकाश, स्वच्छ पूल, गाड्यांची रांग. एका कुटुंबानं माझा ट्रायपॉड पाहून मोबाईल पुढे केला. त्यांच्या आजी मध्ये, नातवंडं दोन्ही बाजूंना. "पूल पूर्ण यायला हवा," मुलाच्या वडिलांनी बजावलं. मी दोन पावलं मागे सरकले, गुडघ्यावर बसले आणि पूर्ण घेतला.